यादीतलं पहिलं नाव

निपाणी,
५ जुलै १९९९

चि. सुखदा,

पाकीट पोचलं. आतलं पत्र कधी पाठवणार?

पोस्टमन ज्योतिबानं पाकीट हातात दिलं, तुझ्या आईनं ते कडेनं फाडलं, आत बोट घालून बघितलं, उलटं धरून झटकलं. काही नाही. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, पिनकोडसुद्धा घातलास. कागद घालायचा तेवढा राहिला. बंगळूरला जाऊन इंजिनियर झालीस बाई, पण डोकं कुठं ठेवून आलीस? तरी मी ते पाकीट मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. जन्मात पहिल्यांदा तुझं पत्र मला माझं मला वाचता आलं.

हे तुझी आई लिहून घेतेय. तिला बजावलंय, मी बोलते तसं लिही, सुधारू नको. वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ घालू का म्हणत होती. म्हटलं, एकच घाल, पण ताजा घाल.

तर बातमी कळली. तीन महिने भरायच्या आत कुणाला सांगायचं नसतं, म्हणून तुझ्या आईनं, वसुमतीनं, ती फक्त मला सांगितली आणि मी फक्त गल्लीला.

पण पुढचंही तिनं सांगितलं. तुझ्या पिशवीचं तोंड नाजूक आहे, पाचव्यापासून पलंगावर पडून राहा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि तू रोज हेब्बाळपासून व्हाइटफील्डपर्यंत बसमध्ये हिंदकळत जातेस म्हणे. विचारायला देवाप्पाच्या दुकानातून फोन लावला. एकदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी घसा खरवडायला लागलं, कुईंऽ, खर्रर्र! मला वाटलं जावईबापू अवधूतरावांना सर्दी झाली. देवाप्पा म्हणतो, "आज्जी, ते मशीन आहे, माणूस नाही." म्हटलं, मशीनला विचार, सुखदा जेवली का.

असलं काय काम आहे की त्यासाठी पोटातल्या जिवाला रोज एवढं हिंडवायचं? नीट समजावून लिही. मला वाचता येत नाही, कळत नाही असं नाही.

तुझी आज्जी


बंगळूर,
१९ जुलै १९९९

ती. आज्जी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घातल्यावर अवधूतला दाखवून मगच डिंक लावणार आहे. मागचं पत्र गादीखाली सापडलं. चार पानं होती! तू हसत असशील तर हस.

तुला घसा खरवडणारा भेटला तो माझा मोडेम. त्याच्यासाठीच घरची फोनलाइन अडकलेली असते. आता काम सांगते.

आमच्या कंपनीचे सगळे कागद व्हाइटफील्डच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरमध्ये असतात. त्यांना हात लावायचा तर त्या इमारतीतच जाऊन बसावं लागतं. मी योगीराज सरांना विचारलं, पाचव्या महिन्यापासून मी घरून काम करू का? म्हणाले, कंपनीचं नेटवर्क दाराबाहेर जात नाही, नियम आहे. मग स्वतःच म्हणाले, "चोराला हात घालता येणार नाही असा रस्ता तू बांधून दाखव. मी वरच्यांशी बोलतो."

तर तो रस्ता मी बांधतेय. त्याला व्हीपीएन म्हणतात. एक बोगदाच समज. माझ्या हेब्बाळच्या खोलीतून निघायचा आणि ऑफिसात उघडायचा. जातो साध्या टेलिफोनच्या तारेतूनच, सगळ्या जगाच्या मधून. पण त्यातून जाणारं सगळं कुलूपबंद असतं. मध्येच कुणी तार कापून कान लावला तरी त्याला नुसता कचरा ऐकू येईल. आत शिरायला दोन किल्ल्या लागतात. एक शब्द, तो फक्त डोक्यात ठेवायचा. आणि एक छोटी पट्टी, किल्लीच्या जुडग्याला अडकवायची. तिच्यावरचा आकडा सारखा बदलत राहतो. ज्याच्याकडे दोन्ही आहेत आणि ज्याचं नाव ऑफिसच्या यादीत आहे, त्यालाच बोगदा उघडतो. यादीतलं पहिलं नाव माझं आहे. ते मीच घातलंय.

हे वेळेत झालं तर मी पलंगावर पडून काम करीन. नाही झालं तर राजीनामा. आज्जी, मला नोकरी सोडायची नाहीये. आणि हे जे येतंय त्याच्याशीही खेळ करायचा नाहीये. मला दोन्ही हवंय. जास्त मागतेय का गं?

गंमत बघ, घरी बसायचा रस्ता बांधायला मला रोज ऑफिसात जावं लागतंय. ती मशीनं तिथंच आहेत ना. बसमध्ये पुढची सीट मिळते. ड्रायव्हर खड्डा आला की मला आरशात बघून "स्वल्प धरून बसा अक्का" म्हणतो. घरमालकीण भाग्यलक्ष्मी अक्का रोज डब्यात दहीभात देतात. काळजी करू नको.

तुझी,
सुखदा


निपाणी,
२ ऑगस्ट १९९९

चि. सुखदा,

एवढंच ना? मला वाटलं काही नवीन सांगतेस.

आमच्या गावाकडं जमनाबाई कासारीण होती. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. सासरी पोरींना माहेरी कागद धाडायची सोय कुठली? लिहिता येत नाही, आणि लिहिलं तर सासू कुणाकडून तरी वाचून घेणार. मग लग्नाच्या आधीच आईशी ठरवून ठेवायचं. ‘तुळशीला मंजिऱ्या आल्या’ म्हणजे दिवस गेले. ‘रांजण पाझरतो’ म्हणजे मार खाते, कुणाला तरी पाठव. सासूच्या समोर बसून, हातात बांगड्या भरून घेता घेता सांगायचं, "जमनाबाई, माझ्या आईला सांगा हं, रांजण पाझरतो." सासू म्हणायची, बघा, कसला बाई संसारी जीव! जमनाबाई जन्मभर असले निरोप वाहत फिरली, आणि आपण काय वाहतोय ते तिला कधी कळलं नाही. झाला की तुझा बोगदा.

जास्त मागतेस का, असं विचारलंस. हो, मागतेस. माग. आम्ही काही मागितलंच नाही, तर आम्हाला कुणी बक्षीस दिलं नाही.

आता माझं ऐक. अकरा तारखेला ग्रहण आहे. संध्याकाळचं. पोटुशीनं बाहेर फिरायचं नाही, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. घरात गप बसायचं. शहरात पाळत नाहीत हे मला सांगू नको. सूर्य शहरातही तोच आहे.

मी गप्प बसले तरी तुझ्या आईचं पेन चालूच आहे. खाली स्वतःचं काहीतरी लिहितेय. काय लिहिलंस म्हटलं तर सांगते, "काही नाही आत्ती, तारीख घातली." एवढी लांब तारीख मी कधी बघितली नाही.

तुझी आज्जी

(सुखदा, नोकरीपेक्षा तू मोठी आहेस. झेपलं नाही तर सोड. तुझ्या अण्णांचंही तेच म्हणणं आहे, ते लिहीत नाहीत एवढंच. – आई)


बंगळूर,
२० ऑगस्ट १९९९

ती. आज्जी,
साष्टांग नमस्कार.

तुझी जमनाबाई मी ऑफिसात सांगितली. सगळे हसले. योगीराज सर मात्र वहीत लिहून घेत होते. म्हणाले, वरच्या लोकांना असंच समजावतो.

आता एक कबुली. ग्रहण मी पाळलं आणि पाळलंही नाही. त्या दिवशी दुपारनंतर अख्खं ऑफिस रिकामं झालं. वायरमन गेले, चहावाला गेला, बसमध्येही कुणी नव्हतं म्हणे. मी सर्व्हर रूममध्ये होते. तिला खिडकी नाही, म्हणजे सूर्याला मी दिसणंच शक्य नाही. तेवढं पाळलं समज. पण दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी ठरलेली होती आणि केबली जोडायच्या राहिल्या होत्या. मग मीच बसले. मापानं कापायच्या, टोकं सोलायची, क्लिपा बसवायच्या. संध्याकाळभर कात्री हातात. आज्जी, रागावू नको. चाचणी पुढं गेली असती तर आठवडा गेला असता.

चाचणी झाली. बोगदा उघडला, दोन मिनिटं टिकला आणि पडला. पण उघडला! आता अमेरिकेतल्या गिऱ्हाईक कंपनीनं होय म्हणायचं राहिलंय. त्यांचे कागद आमच्याकडे असतात, त्यांना विचारल्याशिवाय दार उघडता येत नाही, आणि तोवर मला बसनं जावंच लागणार.

आणि दुसरं. ती खोली थंडगार असते, मशीनांसाठी. मी अवधूतचा स्वेटर घालून बसले होते. मशीनं घरघरत होती. तेवढ्यात आतून कुणीतरी टिचकी मारली. मला वाटलं, भास. परत मारली. मी कात्री खाली ठेवली आणि हसत सुटले. एकटीच. हे अवधूतनंतर तुलाच सांगतेय.

तुझी,
सुखदा


निपाणी,
३ सप्टेंबर १९९९

चि. सुखदा,

टिचकी मारली ती शाबासकीची नव्हती. ‘आई, कात्री ठेव’ म्हणून मारली. तुझ्यापेक्षा त्याला अक्कल आहे.

सगळं शहर दारं लावून बसलं, चहावालासुद्धा घरी गेला, आणि माझी नात एकटी पोट घेऊन कापत बसली! त्याच दिवशी कापायचं होतं? वर मला सांगतेस, खिडकी नव्हती. उद्या पोराचा कान तुटका निघाला, ओठ फाटका निघाला, तर काय त्याला खिडकी नव्हती म्हणून सांगणार? तुझी आई म्हणतेय, आत्ती, इतकं नको लिहायला. लिही म्हटलं. या वेळी मी चेष्टा करत नाही. जे सांगितलं ते पाळायचं असतं.

असो. ओरडून झालं. आता ऐक.

दसरा झाला की सातवा लागेल. डोहाळजेवण इथं. प्रवास झेपत नसेल तर आम्ही तिकडं येतो, मी, तुझी आई आणि झोपाळ्याची फळी. तुझा बाप फळी उचलणार. हिरवा खण आणलाय. देवाप्पाची बायको यल्लव्वा गाणी म्हणायला येणार आहे, तिला तिकडची चार कानडी येतात आणि इकडची दोन. मी सांगितलंय, बेसूर असली तरी चालेल, मोठ्यानं म्हण. गल्लीतल्या बायका रोज विचारतात, कधी? मी सांगते, आमच्या सुखदाचा बोगदा झाला की.

अमेरिकेला सांग, लवकर होय म्हण.

तुझी आज्जी


निपाणी,
१४ ऑक्टोबर १९९९

चि. सुखदा,

हे पत्र माझं आहे. आत्ती देवळात गेल्या आहेत.

मी सुखरूप पोचले. तुला तशा अवस्थेत सोडून गाडीत बसताना पाय उचलत नव्हता, पण अवधूतराव आता घरी आहेत, भाग्यलक्ष्मी अक्का आहेत. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू? त्या दिवशी अवधूतराव मुंबईला, आणि तू बसमधून उतरलीस ती पोट धरूनच. त्यांनी रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवली, तुला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तू मला फक्त एवढंच म्हणालीस, "आई, मुलगी होती." तेवढेच शब्द अजून कानात आहेत.

सुखदा, मी आत्तींना सांगितलेलं नाही.

सांगायचंच ठरवून आले होते. दारात पाऊल टाकलं तर त्या हिरवा खण मांडीवर पसरून त्याला काठ लावून घ्यायचा की नको, हे यल्लव्वाशी बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "उलट्या थांबल्या का गं तिच्या?" मी उलट्यांचंच कारण सांगून गेले होते ना. तोंडातून निघालं, "थांबल्या." आता कसं फिरवू? उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं होतं ते तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून सांगितलंय. अण्णाही म्हणतात, थोडे दिवस जाऊ देत.

तुला जमेल तेव्हा, मला मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं एक पत्र लिही. फार नको. तुझ्या त्या बोगद्याचंच लिही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांना ते ऐकायला आवडतं.

जेव. माझ्यासाठी जेव.

तुझी आई


बंगळूर,
१२ नोव्हेंबर १९९९

आई,

हा कागद वेगळा ठेव. खालचं पान आज्जीसाठी आहे.

मी ऑफिसला जायला लागले. घरात बसवत नाही. डॉक्टरांनी कारण स्पष्ट सांगितलं, पिशवीचं तोंडच टिकलं नाही. टाका घालायला हवा होता, झोपून राहायला हवं होतं. ग्रहणाचा काही संबंध नाही, असं अवधूत रोज सांगतो. मला कळतं, आई. मी शिकलेली आहे. तरी केबल कापायची वेळ आली की मी दुसऱ्याला हाक मारते. आज्जीचं सप्टेंबरचं पत्र कपाटात वर ठेवलंय. फेकवत नाही आणि वाचवत नाही.

– सुखदा

*

ती. आज्जी,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, काम फार होतं. दोन हजार साल लागायच्या आत सगळी मशीनं तपासायची आहेत, त्यामुळे कुणाला मान वर करायला वेळ नाही.

तुला आवडेल अशी बातमी: बोगदा झाला. अमेरिकेचं होय ऑक्टोबरमध्ये आलं. मी घरूनच लावून बघितला. पहिल्याच फटक्यात लागला आणि पडला नाही. ऑफिसातले माझे सगळे कागद हेब्बाळच्या खोलीत, पलंगावर, समोर उघडले. मी बराच वेळ नुसती बघत राहिले.

आता बरेच जण तो वापरतात. मुंबईचा एक विक्रीवाला हॉटेलातून वापरतो. योगीराज सर रविवारी घरून वापरतात आणि बायकोची बोलणी खातात. त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या.

आकड्याच्या पट्ट्या कंपनीनं मोजक्याच घेतल्या आहेत. बेळ्ळंदूरला राहणाऱ्या एकाची आई अंथरुणाला खिळलीय, त्याला घरून काम करायचंय. मी आता रोज ऑफिसातच असते, तर माझी पट्टी त्याला द्यावी, असं सर म्हणाले. बरोबरच आहे. पट्टी दिली. यादीतून नावही काढायचंय. नावं घालायचं-काढायचं काम माझंच, त्यामुळे ते मलाच करावं लागणार. अजून हात लागला नाही.

बाकी सगळं ठीक. मी वेळेवर जेवते. तू औषध घेत जा.

तुझी,
सुखदा


निपाणी,
२९ नोव्हेंबर १९९९

चि. सुखदा,

आज तुझ्या आईकडून आधीच कबूल करून घेतलंय, काही झालं तरी पेन खाली ठेवायचं नाही. का, ते तिला अजून माहीत नाही.

तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. हल्ली ती फार ठसक्यात वाचते. बोगदा लागला, टाळ्या वाजल्या, सगळं वाचलं. मग वाचलं, माझी पट्टी दुसऱ्याला दिली, कारण मी रोज ऑफिसातच असते. आणि पुढच्या ओळीला गेली. अडखळली नाही. तिला त्यात काही खटकलंच नाही.

मला खटकलं गं. तो बोगदा तू कशासाठी खणलास ते मला पक्कं ठाऊक होतं. आठव्या महिन्यात जिनं पलंगावर असायचं ती रोज बसनं जाते, आणि घरी बसायची किल्ली हातानं दुसऱ्याला देऊन टाकते. म्हणजे पलंगावर पडून जपायचं असं काही उरलेलं नाही.

पेन थांबलं. लिही, वसुमती. कबूल केलंयस. रडायचं ते लिहिता लिहिता रड. कागद ओला झाला तर होऊ दे, पत्र काय परक्याला चाललंय?

तुझी आई म्हणतेय, "आत्ती, तुम्हाला कधीपासून?" पत्र वाचलंस तेव्हापासून, बाई. सुखदा, ही माझी जमनाबाई झाली होती. माझ्यापासून लपवायचं तेच माझ्यासमोर घडाघडा वाचून मोकळी झाली. मग मी गप्प राहिले. ही मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची, तोंड धुवायची आणि आत येऊन मला हसून विचारायची, चहा करू का? मी म्हणायची, कर. हिला वाटत होतं, सासूचं काळीज फुटेल. मला वाटत होतं, हिला कळलं की मला कळलंय, तर ही कोसळेल. एका घरात दोघी बायका एकमेकींना फसवत चहा पीत बसलो. मी खणाची घडी घालून ट्रंकेत तळाला ठेवली. हिनं विचारलंसुद्धा नाही. यल्लव्वाला मी सांगितलं, गाणी राहू देत.

एक मला माहीत नाही. ते हिला आत्ता विचारते. काय होतं गं, मुलगा की मुलगी?

मुलगी होती, म्हणतेय.

तेही लिही.

सुखदा, मी काही बोलले नाही एवढा वेळ, म्हणून खाली जागा सुटली असेल. राहू दे.

आता माझं सप्टेंबरातलं पत्र. ते तू कुठंतरी नीट जपून ठेवलं असशील, मला माहीत आहे, तुझ्या बापाचीच लेक तू. आज ते काढ आणि चुलीत घाल. गॅस असला तर गॅसवर धर. आणि ऐक. मी ग्रहणात दोनदा पोटुशी होते. पहिल्या वेळेला सासूनं अंधाऱ्या खोलीत बसवलं. पाणी प्यायले नाही, कूस बदलली नाही, बोटसुद्धा वाकवलं नाही. सगळं पाळलं. ते राहिलं नाही. दुसऱ्या वेळेला सासू गेलेली, घरात खायला नव्हतं, विड्या वळायची पानं भिजवून ठेवलेली. ग्रहण लागून सुटेपर्यंत कात्रीनं पानं कातरत बसले. तो तुझा बाप. आता पलीकडं घोरतोय. कान दोन्ही जागेवर आहेत, ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.

मग मला कशाला दटावलंस, म्हणशील. अगं, इतक्या लांबून तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्याजवळ दुसरं होतं काय? औषध मला कळत नाही. बोगदा खणता येत नाही. तुझ्याबरोबर बसमध्ये बसता येत नाही. एक ग्रहण तेवढं ठाऊक होतं, ते दिलं. त्याच्यात तुझं काही चुकलं नव्हतं. तू तिला घरी ठेवून वाढवायचा रस्ता बांधत होतीस. रस्ता तिच्यानंतर पुरा झाला, यात ना तुझा दोष, ना कात्रीचा.

ते नाव तू काढू नको. पट्टी दिलीस, चांगलं केलंस, त्या माणसाच्या आईला त्याची गरज आहे. पण यादीतलं नाव आईनं आपल्या हातानं काढायचं नसतं. सरांना सांग, हे माझ्या आज्जीनं सांगितलंय. ते काम दुसऱ्या कुणाला तरी शिकव, आणि त्याला काढू दे. तू त्या वेळी चहाला जा.

आणखी एक आहे. पोटातल्या जिवाचं आपल्यात काही करत नाहीत. दहावं नाही, तेरावं नाही, कुणी भेटायला येत नाही. तेराव्याला सगळी भावकी जमून तोंडात जबरदस्तीनं गोड घालते, ते उगाच नाही. कुणीतरी सांगावं लागतं, बाई, रडून झालं नसलं तरी आता जेव. तुला ते कुणी सांगितलंच नाही. भटजी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. माझ्या पणतीचं तेरावं मी तुला घालायला सांगते, आणि त्याला पंचांग बघायचं नाही.

सांज्याच्या पोळ्या कर. रवा तुपावर मंद भाज, घाई करू नको, गूळ चिरून घाल. हो, चिरून, आपल्या हातानं. पहिली पोळी तू खा. घशाखाली उतरली नाही तर पाण्याच्या घोटाबरोबर उतरव, पण पुरी खा. दुसरी अवधूतरावांना घाल, त्यांचीही लेक गेलीय आणि त्यांना कुणी विचारलं नसेल. भाग्यलक्ष्मी अक्कांना मोजायच्या नाहीत, ताट भरून द्यायच्या. उरतील त्या केळीच्या पानात बांधून, वर फडकं गुंडाळून निपाणीच्या गाडीनं आम्हाला पाठव. आम्ही दोघी इथं गोडाला शिवलेलो नाही, तुझी वाट बघतोय. तूप वेगळ्या डबीत घाल, झाकण घट्ट लाव, आणि दुकानातलं नको, घरचंच पाठव.